शांताक्काचा बैल आणि अमीनसाहेबांचा राजीनामा

कासारपेठेतल्या पुरुषांना गावच्या चोऱ्यामाऱ्यांची काळजी आठवड्यातून एकदाच लागायची, ती सोलापूरचा पेपर आला म्हणजे. निजामाच्या हद्दीत त्या पेपरला बंदी. म्हणून तो येडशीच्या ठेसनावर उतरायचा तो कल्याणप्पाच्या लुगड्यांच्या गठ्ठ्यात दडून. मग कल्याणप्पा दुकानाच्या अर्ध्या फळ्या लावून घ्यायचा, पेठेतले आठ-दहा शहाणे आत मांडी ठोकून बसायचे आणि ‘जनहुंकार’चं शेवटचं पान उघडायचं. त्या पानावर ‘मोगलाईतली मोगलाई’ नावाचं सदर होतं. पलीकडं इंग्रजाचं राज्य, अलीकडं आपली मोगलाई. आणि तिकडच्या भाषेत मोगलाई म्हणजेच अंदाधुंदी. तिकडच्या लोकांना सकाळच्या चहाबरोबर आपल्याकडच्या चोऱ्या चवीला लागायच्या.

कासारपेठेच्या बातम्या धाडायचा तो कल्याणप्पाच. खाली नाव टाकायची छाती नव्हती, म्हणून ‘सत्यदर्शी’ म्हणून सही. मोबदला एकच, पेपर फुकट. पण लिहायचा असा की वाचणाऱ्याला वाटावं, हा माणूस रोज तलवार उशाला घेऊन झोपतो. ‘कासारपेठेत चोरांचे थैमान. जनता भयभीत. शासन निद्रिस्त.’

दुकानाच्या मागच्या भिंतीला लागून शांताक्काचा तेलाचा घाणा होता. भिंत कुडाची, त्यामुळं आतलं सगळं वाचन तिला घाण्याच्या कुरकुरीसकट ऐकू यायचं. नवरा जाऊन लई वर्षं झाली होती. ती आणि तिची जाऊ गिरिजाबाई, दोघींचं पोट त्या घाण्यावर आणि घाणा ओढणाऱ्या एका बैलावर. बैलाच्या अंगावर कवडीएवढे पांढरे ठिपके, म्हणून त्याचं नाव कवड्या. लढाईचे दिवस, रॉकेल डोळ्यांना दिसत नव्हतं. गावचे दिवे शांताक्काच्या करडीच्या तेलावर जळत होते, आणि त्या दिव्याखाली बसून हे लोक शासनाला निद्रिस्त म्हणत होते.

तिला हसू यायचं ते ‘अज्ञात इसम’ या शब्दाचं. दर चोरीच्या बातमीत हा इसम असायचाच. अज्ञात इसमानं शेळ्या नेल्या, अज्ञात इसमानं खळं झाडून नेलं. आता हा इसम कोण, हे पेठेतल्या तान्ह्या पोरालाही ठाऊक होतं. तो महांतप्पा आडत्याचा भाचा, आणि चोरलेली जित्राबं जायची ती महांतप्पाच्या मळ्यात. खुद्द महांतप्पा कल्याणप्पाच्या दुकानात लोडाला टेकून ही बातमी ऐकायचा आणि चुकचुकायचा. काय दिवस आले म्हणायचा. बाकीचेही माना डोलवायचे आणि त्याच्याचकडची तंबाखू मळायचे. शांताक्का भिंतीपलीकडं घाण्यात करडी सारत म्हणायची, गिरजे, ऐक, इसमाचा मामा बोलायलाय.

एके सकाळी दावं कापलेलं आणि कवड्या गायब.

शांताक्का रडत बसली नाही. ती सरळ महांतप्पाच्या मळ्यावर गेली आणि बांधावरनं तिनं आपला बैल पाहिला. शिंगांना नवा रंग लावला होता, पण ठिपके काय पुसता येतात? तिनं हाक मारली तसा कवड्यानं मान वर केली. भाचा काठी घेऊन धावून आला. तिनं त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही. तिथनं तडक चौकी गाठली.

चौकीत अमीनसाहेब होते. अमीन म्हणजे ठाण्याचा मुख्य, पेठेचा देवच म्हणा, फक्त नवसाला न पावणारा. त्या दिवसांत साहेबांच्या डोक्याला वेगळाच ताप होता. ‘जनहुंकार’ धाराशिवच्या कचेरीतही कुणीतरी चोरून वाचत होतं, आणि वरनं सारखी विचारणा यायची की तुमच्या हद्दीत एवढे गुन्हे का. गुन्हे कमी करायचा साहेबांनी सोपा उपाय काढला. फिर्याद लिहूनच घ्यायची नाही. फिर्याद नाही म्हणजे गुन्हा नाही, गुन्हा नाही म्हणजे चोर नाही. चोरालाही हा कारभार पसंत पडला.

त्यांनी शांताक्काला सावलीत बसवलं, प्यायला पाणी दिलं आणि महांतप्पाला बोलावणं धाडलं. तो आला, साहेबांशी कानात बोलला, आणि मुन्शीनं कागद पुढं ओढला. शांताक्काला वाटलं, तिची फिर्याद लिहितायत. पण तो राजीनामा होता. आपल्या मोगलाईत राजीनामा म्हणजे दोन्ही पक्ष राजी झाल्याचा, तंटा मिटल्याचा कागद. दोघांत बैलावरनं गैरसमज झाला होता, तो मिटला, बैल महांतप्पाचा, बाईची काही तक्रार नाही.

“म्या राजी न्हाय,” शांताक्का म्हणाली.

साहेब शांतपणे म्हणाले की राजी नसशील तर खोटी फिर्याद आणली म्हणून तुलाच आत टाकतो, मग घाणा कोण बघंल ते बघ. मुन्शीनं तिचा अंगठा धरला, शाईत बुडवला आणि कागदावर दाबला. तिचा हात तिचाच होता, पण त्या घडीला तो तिच्या कामाचा नव्हता. घरी येताना तिला त्या अंगठ्याचीच किळस आली.

दुसऱ्या दिवसापासून बैलाच्या जागी ती उभी राहिली. तिकडनं गिरिजाबाई, इकडनं शांताक्का, दोघी त्या लाकडाला छाती लावून गोल गोल फिरायच्या. बैल सकाळच्या पारी काढायचा तेवढं तेल काढायला दोघींचा अख्खा दिवस जायचा. गिरिजाबाईला तिसऱ्याच फेऱ्यात धाप लागायची. पेठेतले पुरुष येता-जाता बघायचे, अरेरे म्हणायचे आणि घरी जाऊन बायकोला सांगायचे की तेल महागणार.

कल्याणप्पा मात्र वहाणा काढून आत आला. शांताक्काला क्षणभर वाटलं, माणूस मदतीला आला. त्यानं विचारलं, चौकीत तुम्ही रडलात का? ती नाही म्हणाली तसा तो हिरमुसला. निदान डोळ्यांत पाणी आलं असंल, असं त्यानं सुचवून पाहिलं. शांताक्का म्हणाली की अप्पा, तुम्ही त्या बाजूनं जरा लाकूड ढकला, मग कुणाच्या डोळ्यांत पाणी येतं ते तुमचं तुम्हालाच कळंल. त्याला एकदम दुकानातलं काम आठवलं.

त्यानं बातमी धाडली ती फार जपून. महांतप्पा दुखावता कामा नये, अमीनसाहेब तर नाहीच नाही. म्हणून लिहिलं, ‘बैल प्रकरणी कासारपेठ चौकीत अमीनसाहेबांचे रूबरू राजीनामा झाला. जनता समाधानी.’ तेवढंच. सत्यदर्शीला त्या आठवड्यात सत्य एवढंच दिसलं.

आता सोलापूरच्या संपादकाला आपल्या चौकीतली भाषा काय कळणार? तिकडं राजीनामा म्हणजे माणूस नोकरी सोडतो तो. त्यानं बातमी वाचली, त्याला स्फुरण चढलं, आणि पुढच्या अंकात शेवटच्या पानावरनं कासारपेठ एकदम पहिल्या पानावर गेली. ‘अमीनाचा राजीनामा! एका बैलापायी सत्ता नमली! जनहुंकाराचा विजय!’

दुकानात हे वाचलं गेलं तेव्हा भिंतीपलीकडं शांताक्का लाकडाला टेकून दम खात होती. आत इतका शुकशुकाट झाला की तिला वाटलं, कुणी गचकलं का काय. कल्याणप्पाला आपण काय लिहिलं होतं ते चांगलं माहीत होतं. पण छापलेल्या अक्षरापुढं त्याला स्वतःच्या शाईचा भरवसा वाटेना. सोलापूरवाल्यांना वरनं कळलं असणार, असं तो म्हणाला. त्यातच अमीनसाहेब सोमवारपासून पेठेत नव्हते. धाराशिवला वरच्या साहेबांनी बोलावलं होतं. पण बोलावणं कशाला आलं ते कुणालाच ठाऊक नव्हतं, त्यामुळं सगळ्यांनाच ठाऊक झालं. साहेब गेले ते गेलेच.

आणि मग काय सांगावं, कासारपेठेला मिशा फुटल्या. उत्तरेश्वर हलवाई, जो दर सणाला अमीनसाहेबांच्या घरी पेढ्यांचा पुडा पोचवून वर हात जोडायचा, तो सगळ्यांच्या पुढं होऊन बोंबलायला लागला की जुलमी माणसाला आम्हीच घालवला. ज्यांच्या शेळ्या गेल्या होत्या त्यांना शेळ्या आठवल्या. ज्यांचं काहीच गेलं नव्हतं तेही लुटले गेल्यासारखे तावातावानं बोलायला लागले. हलगी आली, गुलाल आला. चौकीसमोर घोषणा झाल्या. आत एकटा पाशामियाँ शिपाई होता, बिचारा दार लावून बसला. कल्याणप्पा ओट्यावर चढला आणि लेखणीचं सामर्थ्य या विषयावर बोलला. सत्यदर्शी म्हणजे मीच, हेही त्यानं त्या दिवशी छातीवर हात मारून सांगून टाकलं.

सगळ्यात चपळ निघाला तो महांतप्पा. अमीन गेला म्हणजे आपलं पांघरूण गेलं, हे त्यानं ओळखलं. मिरवणूक मळ्याकडं वळायच्या आत तो स्वतःच बैल घेऊन मिरवणुकीत सामील झाला. कवड्याच्या गळ्यात झेंडूचा हार, कपाळाला गुलाल. रानात भटकत होता, माझ्या भाच्यानं जिवापाड सांभाळला, असं त्यानं चौकात सांगितलं आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. हो, टाळ्या. चोराचा मामा चोरीचा माल परत देतोय आणि गाव त्याला खांद्यावर घ्यायला निघालंय, असा सगळा थाट होता.

शांताक्का दारात उभी होती. हलगी थांबली, कारण आता ती पाया पडंल किंवा निदान रडंल अशी सगळ्यांची तयारी होती. तिनं हार काढून बाजूला टाकला, कवड्याची मान चाचपली, पाठीवरचे वळ बघितले. बैल आत घेतला आणि दार लोटलं. लोकांना ते काही बरं वाटलं नाही. एवढं केलं तरी बाईला उपकाराची जाण नाही, असं म्हणत मिरवणूक पांगली.

त्या दिवसापासून गिरिजाबाईची धाप थांबली. घाणा पुन्हा कवड्याच्या चालीनं फिरायला लागला.

पुढच्या बाजाराला अमीनसाहेब टांग्यातनं उतरले. तोच गणवेश, तीच छडी. धाराशिवला वरच्या साहेबांनी त्यांच्यासमोर तो पेपर टाकून विचारलं होतं म्हणे, की आपण नोकरी सोडलीत आणि आम्हालाच खबर नाही? कचेरीत हशा झाला होता. असला अपमान गिळून परत आलेला माणूस काय करंल, या विचारानं पेठेची बोबडी वळली. साहेबांनी ओरडाआरडा केला नाही. चार माणसांनी एका जागी जमायचं नाही, अशी दवंडी दिली. आणि आपल्या हद्दीत यापुढं बैल हा शब्द निघाला तर काढणाऱ्याची खैर नाही, असं बजावलं. एका बैलानं त्यांची जेवढी शोभा केली होती तेवढी पुरे होती.

झालं. मिरवणूक निघालीच नव्हती. हलगीवाला म्हणाला, मी तापानं फणफणलो होतो. उत्तरेश्वर हलवाई पेढे घेऊन गेला, दुप्पट. सत्यदर्शी कोण, असं कुणी विचारलं तर कल्याणप्पा स्वतःच इकडं तिकडं बघून विचारायचा, कोण बरं? सगळ्यांची तोंडं अशी बंद झाली की पेठेत फक्त घाण्याची कुरकुर ऐकू यायची. आणि ती कुरकुर महांतप्पाच्या कानाला झोंबत होती.

तो साहेबांकडं गेला होता. पण बैलाचं नाव काढताच साहेबांनी छडीनं दार दाखवलं. तेव्हा त्यानं दुसरा डाव टाकला. कल्याणप्पाच्या दुकानात येऊन त्यानं सांगितलं की तुम्ही लोकांनी मला दमदाटी करून मिरवणुकीत ओढलंत, माझा बैल त्या बाईला दिलात. आता तो माझ्या गोठ्यात आणून बांधा. नाहीतर मिरवणुकीत कोण कोण होतं आणि कोण काय बोललं, ते साहेबांना सविस्तर सांगतो. भिंतीपलीकडं शांताक्कानं हे ऐकलं.

दुसऱ्या दिवशी ऊन वर आल्यावर ते आले. मिरवणुकीतले सगळे शूर. पुढं कल्याणप्पा, मागं उत्तरेश्वर, आणि सगळ्यांच्या मागं, आपला काही संबंध नसल्यासारखा, महांतप्पा. कवड्या घाण्याला जुंपलेला होता, डोळ्यांवर झापड, आपल्याच नादात फिरत होता. तो जवळ आला की ही मंडळी अंग चोरून मागं सरकायची, तो पुढं गेला की पुन्हा पुढं यायची.

कल्याणप्पानं घसा साफ केला. शहाणपणानं घ्या, राजीनाम्यावर तुमचा अंगठा आहे, गावाचं हित बघा, असं बरंच बोलला. त्याला विदुषकाचंही सोंग वठवता येणार नाही, असं शांताक्काला वाटलं. तिला भीती वाटत नव्हती असं नाही. हा बैल आज दारातनं गेला तर पुन्हा ते लाकूड छातीला लावायचं, आणि गिरिजाबाई त्यात मरणार, हे तिला स्वच्छ दिसत होतं. ती घाण्याच्या काठाला टेकून उभी राहिली.

“ज्याला सोडायचाय त्यानं सोडावा,” ती म्हणाली. “म्या आडवी येत न्हाय. फकस्त दाव्याला हात लावायच्या आधी त्यानं मोठ्यानं सांगायचं, बैल कुणाचा.”

सगळ्यांनी एकमेकांकडं बघितलं. शांताक्काचा म्हणावं तर महांतप्पा उभा. महांतप्पाचा म्हणावं तर मग परवा टाळ्या वाजवत आपणच तो शांताक्काच्या दारात आणून सोडला ते काय? आणि बैल हा शब्दच तोंडातनं काढायचा तर साहेबांची छडी. उत्तरेश्वरनं जमिनीवर पायाच्या अंगठ्यानं रेघ ओढली. शेवटी लेखणीच्या सामर्थ्यावर भिस्त ठेवून कल्याणप्पा म्हणाला,

“सदरहू बैल…”

“सदरहू माझ्याकडं कुणी न्हाय,” शांताक्का म्हणाली. “ह्याचं नाव कवड्या.”

तेवढ्यात दारात पाशामियाँ शिपाई आला. हातात रिकामी बाटली. एवढी माणसं एका जागी बघून तो दचकला, कारण जमाव दिसला तर तो हटवायचं काम त्याच्यावर होतं आणि या कामाची त्याला मुळीच हौस नव्हती.

“क्या जी,” तो म्हणाला, “इत्ते जने कायकू जमा हुए?”

कल्याणप्पा उत्तरेश्वरच्या मागं सरकला. पण संकटात माणसाला सुचतं म्हणतात तसं उत्तरेश्वरला सुचलं. “तेल न्यायला आलो,” तो म्हणाला. हां हां, तेल, तेलच, असं सगळ्यांनी एका सुरात सांगितलं. मिरवणुकीतल्या घोषणासुद्धा एवढ्या एकमुखानं झाल्या नव्हत्या.

“मग भांडी कुठायत?” शांताक्कानं विचारलं.

कुणाकडंच भांडं नव्हतं. पाशामियाँ एकेकाच्या रिकाम्या हातांकडं बघायला लागला. साहेबांच्या शिपायानं नुसतं बघितलं तरी पुरे. मंडळी पटापट बाहेर पडली, आणि आता पाशामियाँला शंका नको म्हणून तशीच पटापट परत आली. कुणी तांब्या आणला, कुणी चरवी. कल्याणप्पानं घाईत दुधाचं पातेलं आणलं होतं. पेठेतले सगळे कर्ते पुरुष घाण्यासमोर एका रांगेत उभे राहिले. कवड्या फिरत होता आणि तेल गळत होतं.

शांताक्कानं आधी पाशामियाँची बाटली भरली. साहेबांच्या कंदिलाला रॉकेल मिळंना, आता करडीचा दिवाच लावायचा म्हणतात, असं तो सांगत होता. तिनं बाटलीला बूच लावलं, पदरानं पुसली, त्याच्या हातात दिली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

“साहेबांना सांग पाशा, तेल कवड्यानं काढलेलं हाय.”

“कवड्या कौन, अक्का?”

“माझा बैल.”

शब्द निघाला होता. कासारपेठेत निघू नये तो शब्द, आणि त्याच्यापुढं ‘माझा’. पाशामियाँनं रांगेकडं बघितलं, कुणी काही म्हणतंय का म्हणून. उत्तरेश्वर तांब्यात डोकावून बघत होता. कल्याणप्पाला पातेल्याच्या कडेवर काहीतरी लागलेलं दिसलं, ते तो नखानं खरवडायला लागला. पाशामियाँ बाटली घेऊन चौकीकडं निघून गेला.

शांताक्कानं एकेकाचं भांडं भरलं. एकाकडंही तिनं वर बघितलं नाही. बघण्यासारखं तिथं काही नव्हतं. रांगेच्या शेवटी महांतप्पा उभा होता. त्यानं हातातली चरवी पुढं केली.